गाडी गरम होतेय? आधी तपासणी, मग खर्च

उन्हाळा लागला की कसारा, खंबाटकी, खंडाळा, कुंभार्ली अशा घाटांत बॉनेट वर करून उभ्या असलेल्या गाड्या दिसू लागतात. असा बिघाड अचानक क्वचितच होतो. त्याआधी कित्येक दिवस टाकीतलं कूलंट कमी होत असतं, पंखा उशिरा सुरू होत असतो, काटा नेहमीपेक्षा थोडा वर चढत असतो. त्याकडे दुर्लक्ष होतं आणि चढाला, एसी चालू असताना, पाच माणसं आणि सामान घेऊन गाडी उभी राहते.

गाडी गरम होण्याची कारणं दहा-बारा आहेत. त्यांचा खर्च वीस रुपयांच्या फ्यूजपासून लाख रुपयांच्या इंजिनकामापर्यंत जातो. लक्षण मात्र सगळ्यांचं एकच: काटा वर. म्हणूनच या कामात अंदाजाने पार्ट बदलण्यासारखं महागडं दुसरं काही नाही. आधी थर्मोस्टॅट, मग रेडिएटर, मग वॉटर पंप असं करत पंधरा हजार जातात आणि शेवटी पंख्याचा रिले गेलेला निघतो. या लेखाचं सांगणं एवढंच: चाचणीचे पाचशे-हजार रुपये आनंदाने द्या, अंदाजाचे पंधरा हजार देऊ नका.

यंत्रणा थोडक्यात

इंजिनाच्या ब्लॉकमधून आणि हेडमधून कूलंट फिरतं आणि उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये येतं. तिथे हवेने थंड होऊन ते परत जातं. फिरवण्याचं काम वॉटर पंप करतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट रेडिएटरचा रस्ता बंद ठेवतो आणि साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान, मॉडेलप्रमाणे, उघडतो. गाडी वेगात असेल तर समोरून येणारी हवा पुरते. ट्रॅफिकमध्ये ते काम पंख्याला करावं लागतं.

यात प्रेशर कॅपकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असलेलं मिश्रण, कॅपने साधारण एक बार दाब धरून ठेवला तर, १२५ अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. कॅपचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही, मिश्रण लवकर उकळतं आणि टाकीतून बाहेर येतं. दीड-दोनशे रुपयांच्या या वस्तूपायी धडधाकट रेडिएटर बदलला जाऊ शकतो.

केव्हा गरम होते, ते आधी नोंदवा

मेकॅनिककडे जाऊन नुसतं ‘गाडी गरम होते’ म्हणू नका. केव्हा होते ते सांगा. निम्मं निदान तिथेच होतं.

*ट्रॅफिकमध्ये चढते, हायवेवर उतरते.* संशय पंख्याकडे. फ्यूज, रिले, पंख्याची मोटर, तापमानाचा सेन्सर किंवा त्याची वायर. काही जुन्या डिझेल गाड्यांत पंखा बेल्टवर चालतो. तिथे बेल्ट आणि विस्कस कपलिंग बघावं लागतं.

*गावात ठीक, पण घाटात किंवा हायवेवर वेगात गरम होते.* रेडिएटर आतून क्षाराने किंवा बाहेरून धूळ-किड्यांनी चोंदलेला असू शकतो, कूलंट कमी असू शकतं किंवा पंप नीट ढकलत नसेल. ऊसपट्ट्यात हंगामात ट्रॉल्यांच्या मागे रोज गाडी चालवणाऱ्यांच्या जाळीत पाचटाचा भुसा अडकतो. तो एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बसतो, म्हणून समोरून बघितल्यावर दिसत नाही.

*सकाळी सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच काटा लालमध्ये.* थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला, कूलंट जवळजवळ संपलेलं, आत हवा अडकलेली किंवा हेड गॅस्केट गेलेलं.

*काटा वर चढतच नाही.* हाही बिघाडच. थर्मोस्टॅट उघडा अडकला की इंजिन थंडच राहतं, संगणक जास्त पेट्रोल देत राहतो आणि मायलेज घटतं.

बऱ्याच नव्या गाड्यांत काटा नसतो, फक्त दिवा असतो. निळा म्हणजे इंजिन अजून थंड, लाल म्हणजे प्रमाणाबाहेर गरम. मधल्या टप्प्याची सूचना मिळत नाही. त्यामुळे लाल दिवा लागला की ‘पुढच्या पंपावर बघू’ म्हणायला जागा नाही.

घरी, विनाखर्च

या सगळ्या तपासण्या इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करण्याआधी करा.

१. पातळी. प्लास्टिकच्या टाकीवर ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ अशा खुणा असतात. सध्याच्या पातळीशी रंगीत चिकटपट्टी लावा आणि तारीख लिहा. पंधरा दिवसांनी त्याच वेळी, त्याच सपाट जागी बघा. ही बंद यंत्रणा आहे, त्यात दर आठवड्याला भर घालावी लागू नये. पातळी खाली गेली असेल तर गळती आहे, बाहेर किंवा आत.

२. रंग. कूलंट हिरवं, निळं, लाल, गुलाबी, केशरी यांपैकी काहीही असेल, पण ते स्वच्छ हवं. तपकिरी, गंजाचं पाणी दिसलं तर आत गंज धरलाय. वर तेलाचा तवंग किंवा चॉकलेटी साय असेल तर गाडी सुरू न करता मेकॅनिकला बोलवा.

३. खालचे थेंब. एसीचं पाणी रंगहीन, बिनवासाचं असतं. त्याची काळजी नको. कूलंट रंगीत, बोटाला बुळबुळीत आणि गोडसर वासाचं असतं. ते विषारी आहे. चव घेऊ नका आणि अंगणात सांडलं तर धुऊन टाका, कुत्री-मांजरं ते चाटतात.

४. ओघळ. होज पाइपांच्या तोंडाशी, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीच्या कडेला आणि वॉटर पंपाच्या खाली टॉर्चने बघा. पंपाच्या अंगावर खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं, म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. त्या भोकाखाली वाळलेला पांढुरका किंवा कूलंटच्या रंगाचा, मिठासारखा खरखरीत ओघळ दिसला तर पंपाचे दिवस भरलेत. अजून जमिनीवर एकही थेंब पडलेला नसतो, कारण गरम ब्लॉकवर तो तिथेच वाळतो.

५. ऑइल. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर कूलंट ऑइलमध्ये मिसळतंय. फक्त ऑइलच्या झाकणाखाली थोडी पांढरी साय असेल तर लगेच घाबरू नका. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवणाऱ्यांकडे ती दमटपणामुळेही जमते. निर्णय डिपस्टिकवरून घ्या.

६. पंखा. गाडी सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात पुढचा पंखा फिरायला हवा. फिरला नाही तर फ्यूज-रिलेपासून सुरुवात. हात मात्र लांब ठेवा. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही पंखा आपोआप सुरू होतो.

७. केबिन. डाव्या सीटपुढचं कार्पेट ओलं, आत गोडसर वास आणि काचेवर पुसूनही न जाणारा तेलकट थर असेल तर डॅशबोर्डमागचा हीटर कोअर गळतोय.

सीएनजी गाडीवाल्यांनी आणखी एक जागा बघावी. बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटमध्ये गॅसचा दाब कमी करणारा रेड्युसर गोठू नये म्हणून इंजिनाचं गरम कूलंट दोन बारीक पाइपांनी त्यात फिरवलेलं असतं. किट बसवताना जोडलेल्या या पाइपांच्या क्लिपा ढिल्या होतात आणि गळती तिथे सुरू होते. रेडिएटरवाला ती जागा बघत नाही, कारण ती त्याच्या कामात येत नाही.

रस्त्यात लाल दिवा लागला तर

एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात लावा, काचा खाली घ्या. हीटर हाही एक छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनाची थोडी उष्णता बाहेर काढतो. इंडिकेटर देऊन डावीकडे सुरक्षित जागी थांबा. दोन मिनिटांत काटा उतरला नाही, वाफ दिसली किंवा लाल दिवा कायम राहिला तर इंजिन बंद करा.

हीटरमधून गरम हवेऐवजी थंड हवा येत असेल तर एक क्षणही न घालवता इंजिन बंद करा. त्याचा अर्थ आत कूलंट उरलेलं नाही किंवा ते फिरत नाही. अशा वेळी काट्यावरही विसंबू नका. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला नसेल तर काटा खरं तापमान दाखवत नाही, उलट खालीही येतो. ‘काटा उतरला, चला’ म्हणून पुढे काढलेल्या गाड्यांचं इंजिन इथेच जाम होतं.

गरम असताना झाकण उघडू नका. आतलं दाबाखालचं मिश्रण झाकण सैल होताच उकळून तोंडावर उडतं. किमान पाऊण तास थांबा. वरचा जाड होज पाइप हाताला कोमट आणि दाबल्यावर मऊ लागला की जाड कापड धरून झाकण हळूहळू फिरवा. तापलेल्या इंजिनावर किंवा आत गार पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. अडचणीच्या वेळी प्यायचं पाणी घालून जवळच्या गॅरेजपर्यंत जाणं चालेल. मात्र नंतर ते काढून योग्य कूलंट भरलंच पाहिजे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे.

टो करून नेण्याचे दोन-चार हजार रुपये जिवावर येतात, हे खरं. पण लाल दिव्यावर काढलेल्या पाच किलोमीटरची किंमत त्याच्या दहापट होऊ शकते.

गॅरेजमध्ये कोणत्या चाचण्या मागायच्या

*स्कॅनर.* साधारण ३०० ते १,००० रुपये. पी०१२८ म्हणजे इंजिन अपेक्षेइतकं गरम होत नाही, बहुधा थर्मोस्टॅट. पी०११७ आणि पी०११८ सेन्सर किंवा त्याच्या वायरिंगचे. पी०४८० पंख्याच्या सर्किटचा. पी०२१७ म्हणजे इंजिन प्रमाणाबाहेर तापलं होतं. कोड सर्किटकडे बोट दाखवतो, पार्टकडे नाही. पी०११८ आला म्हणून थेट सेन्सर बदलण्याआधी त्याचा कनेक्टर आणि वायर तपासायला सांगा.

*प्रेशर टेस्ट.* ३०० ते ८०० रुपये. थंड गाडीच्या झाकणाच्या जागी हातपंप लावून कॅपवर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरतात आणि दहा-पंधरा मिनिटं थांबतात. काटा खाली आला तर गळती आहे, आणि ती कुठे आहे हे थेंबांवरून दिसतं. त्याच पंपाने कॅपही तपासता येते. गळतीच्या तक्रारीत ही चाचणी न करता कोणी रेडिएटर बदलायला सांगत असेल तर दुसरं गॅरेज बघा.

*ब्लॉक टेस्ट.* ५०० ते १,२०० रुपये. टाकीतली हवा एका निळ्या द्रवातून ओढतात. इंजिनाचा जळलेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर द्रव पिवळा पडतो. हेड खोलण्याचा निर्णय या चाचणीशिवाय किंवा कॉम्प्रेशन चाचणीशिवाय होऊ देऊ नका.

खर्चाचा ढोबळ अंदाज

हे आकडे सर्वसाधारण हॅचबॅक, सेदान आणि छोट्या एसयूव्हीसाठी, शहरातल्या खासगी गॅरेजचे आहेत. मॉडेल, गाव आणि पार्टचा ब्रँड यांप्रमाणे ते बदलतील. आपल्या गाडीचा भाव दोन ठिकाणी विचारून घ्या. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मजुरी बरीच जास्त धरा. युरोपीय आलिशान गाड्यांना हा तक्ता लागू नाही.

- फ्यूज: १० ते ३० रुपये, रिले: १०० ते ४००
- रेडिएटर कॅप: १५० ते ५००
- होज पाइप: एक २०० ते १,२००, मजुरी ३०० ते ८००
- तापमानाचा सेन्सर: ३०० ते १,२००, मजुरी २०० ते ५००
- थर्मोस्टॅट: ५०० ते १,८००, मजुरी ४०० ते १,०००. प्लास्टिक हाउसिंगसकटच येणारा असेल तर ३,००० ते ८,०००
- पंख्याची मोटर: १,२०० ते ३,०००, पूर्ण असेंब्ली २,५०० ते ७,०००
- कूलंट काढून, धुऊन, नवीन भरणे: १,२०० ते ३,०००
- रेडिएटर: बाजारातला ३,००० ते ६,०००, कंपनीचा ५,००० ते १२,०००, मजुरी ८०० ते २,०००
- वॉटर पंप: १,००० ते ४,०००; मजुरी ८०० ते २,५००
- हीटर कोअर: पार्ट २,००० ते ५,०००, डॅशबोर्ड काढावा लागला तर मजुरी ४,००० ते १०,०००
- हेड गॅस्केटचं पूर्ण काम: पेट्रोल १२,००० ते ३०,०००, डिझेल २०,००० ते ५०,०००
- इंजिन ओव्हरहॉल: ४५,००० ते सव्वा लाख, कधी त्याहून अधिक

भाव विचारताना जीएसटीसह की जीएसटीशिवाय, हे स्पष्ट करून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के दर आहे. त्याआधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. दुरुस्तीच्या मजुरीवरही १८ टक्केच.

वॉटर पंपाबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. काही इंजिनांत पंप टायमिंग बेल्टवर चालतो. डस्टरमधलं १.५ डिझेल इंजिन त्यातलं. अशा गाडीत पंप बदलायला बेल्ट उतरवावाच लागतो, म्हणून बेल्ट, टेन्शनर आणि पंप एकदमच बदला. सगळं मिळून ७,००० ते १८,००० जातील, पण तीच मजुरी दोनदा भरावी लागणार नाही.

रेडिएटर बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमचा कोर आणि प्लास्टिकच्या टाक्या अशा बांधणीचा असतो. जुने तांबे-पितळेचे रेडिएटर डाग देऊन वर्षानुवर्षं चालत. प्लास्टिकच्या टाकीला लावलेलं एपॉक्सी तसं टिकत नाही. ते गावापर्यंत पोहोचण्यापुरतं ठीक. टाकी तडकलेली असेल तर नवीन रेडिएटर घ्या.

हेड गॅस्केट: इथे घाई नको

आजच्या बहुतेक इंजिनांचं हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावतं. ज्या गाड्यांचा ब्लॉक बिडाचा असतो, तिथे हा फरक जास्त त्रास देतो. प्रमाणाबाहेर तापलं की हेड वाकतं आणि त्याच्या आणि ब्लॉकच्या मधलं गॅस्केट दाब धरत नाही. लक्षणं अशी: इंजिन गरम झाल्यावरही सतत निघणारा पांढरा, गोडसर वासाचा धूर; टाकीत येणारे बुडबुडे; थंड असतानाही टणक असलेला होज; बाहेर गळती नसताना घटणारं कूलंट.

काम करायचं ठरलं तर हेड लेथवाल्याकडे जातं. तिथे तुम्ही स्वतः जा. हेड उलटं ठेवून त्यावर आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांत सरळ पट्टी धरतात आणि पट्टीखालच्या फटीत फीलर गेजची पाती सरकवतात. मर्यादा बहुतेक वेळा मिलिमीटरच्या काही शतांश असते. नेमका आकडा त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. किती शतांश वाकलं, हे लेथवाल्याला बिलावर लिहायला सांगा. फेसिंगचे, म्हणजे हेडचा पृष्ठभाग पुन्हा सपाट करण्याचे, ८०० ते २,५०० रुपये होतात. त्याआधी हेडला तडा नाही ना, हे दाब देऊन तपासून घ्या. तडा गेलेल्या हेडचं फेसिंग म्हणजे पैसे पाण्यात.

हेड बोल्ट नवीन घ्या. अनेक इंजिनांचे बोल्ट घट्ट करताना ताणले जातात आणि पुन्हा वापरायचे नसतात. हजार-दीड हजार वाचवायला गेलात तर सगळं काम पुन्हा निघतं. आणि सर्वात महत्त्वाचं: गाडी मुळात का तापली, ते शोधल्याशिवाय नवीन गॅस्केट बसवू देऊ नका. मूळ कारण पंखा असेल आणि तो तसाच राहिला, तर हे गॅस्केटही जाईल.

एकाच बिघाडाची दोन बिलं बघा. होजची गळती पहिल्या आठवड्यात दिसली: पाइप ६००, कूलंट १,२००, मजुरी ५००, एकूण २,३०० रुपये. तीच गळती पाणी भरत दोन महिने ओढली आणि घाटात हेड गेलं: टोइंग ४,०००, गॅस्केट सेट आणि बोल्ट ५,०००, लेथ २,०००, मजुरी ८,०००, ऑइल-फिल्टर २,५००, कूलंट १,२००, आणि तो पाइप ६००. एकूण २३,३०० रुपये.

तीन सल्ले, ज्यांना नाही म्हणा

‘थर्मोस्टॅट काढून टाकू, आपल्याकडे थंडी कुठे आहे?’ हा सल्ला महाराष्ट्रात सर्रास मिळतो. थर्मोस्टॅटचा संबंध बाहेरच्या थंडीशी नाही, इंजिन ठरावीक तापमानावर चालण्याशी आहे. तो नसला की इंजिन उशिरा गरम होतं, पेट्रोल जास्त जातं, ऑइल लवकर खराब होतं. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅटच बायपासचा रस्ता बंद करतो. तो काढला की कूलंट रेडिएटर टाळून फिरतं आणि गाडी जास्तच तापते.

‘फॅन डायरेक्ट करून देतो.’ म्हणजे चावी लावली की पंखा सुरू. काटा उतरतो आणि मालक खूश होतो. पण सेन्सर, रिले किंवा वायर यातला खरा दोष तसाच राहतो. दिवसभर फिरून पंख्याची मोटर झिजते आणि पातळ वायरने जोड दिला असेल तर ती तापून जळण्याचा धोका. रात्री दहा वाजता घरी पोहोचण्यापुरतं हे करा, दुसऱ्या दिवशी मूळ जोडणी पूर्ववत करून घ्या.

‘लीक बंद करायची पावडर टाकू.’ जुने ड्रायव्हर यासाठी हळद टाकत. अशी भुकटी बारीक छिद्र बुजवते, तशाच हीटर कोअर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते. दोनशेची पुडी पाच हजारांचा रेडिएटर घेऊन जाते.

कूलंट आणि पाणी

बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. त्यातले क्षार तापून नळ्यांत थर धरतात. नळाचं पाणीही टाळा. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर लिटरला वीस-चाळीस रुपयांत मिळतं. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही, म्हणून कूलंट नको असं म्हणणं चूक आहे. गंज रोखणारी रसायनं आणि वाढलेला उकळबिंदू यांसाठी ते लागतं.

डब्यावर ‘प्रीमिक्स’ किंवा ‘रेडी टू यूज’ असेल तर पाणी मिसळू नका. ‘कॉन्सन्ट्रेट’ असेल तर सांगितलेल्या प्रमाणात मिसळा, सहसा निम्मं-निम्मं. रंग बघून कूलंट निवडू नका, कारण रंगाला सर्व कंपन्यांचा मिळून एक नियम नाही. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला प्रकार बघा. दोन वेगळ्या रसायनांची कूलंट एकत्र झाली तर गंजरोधक शक्ती घटते, कधी आत गाळही धरतो. बदलण्याची मुदतही पुस्तिकेतलीच पाळा. जुन्या पद्धतीचं कूलंट साधारण दोन वर्षं टिकतं, दीर्घायुषी प्रकार पाच वर्षं किंवा अधिक.

जाळी धुताना कार वॉशवाल्याचा जोराचा फवारा जवळून मारू देऊ नका. पातळ पात्या आडव्या पडतात आणि हवा जायची थांबते. बागेच्या नळीने, जमेल तिथे इंजिनाच्या बाजूने बाहेर, हलक्या हाताने धुवा.

व्यवहार, विमा आणि तक्रार

गाडी सोपवण्याआधी लेखी एस्टिमेट घ्या, त्यात पार्ट आणि मजुरी वेगळी लिहून घ्या. ‘विचारल्याशिवाय जादा काम करू नये’ हे त्यावरच लिहा. काढलेले पार्ट परत मागा. पक्क्या बिलावर पार्टचा ब्रँड, नंबर आणि कामाची हमी किती दिवसांची, हे असू द्या. आणि प्रत्येक मोठ्या पार्टसाठी एकच प्रश्न विचारा: ‘हा गेलाय, हे कोणत्या चाचणीवरून ठरवलं?’ चांगला मेकॅनिक या प्रश्नाने रागावत नाही, तो तुम्हाला बॉनेटपाशी नेऊन दाखवतो. गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर हात लावू देण्याआधी वॉरंटीची कलमं वाचा.

विम्याबद्दल गैरसमज नको. यांत्रिक बिघाड आणि झीज साध्या मोटार पॉलिसीत बसत नाहीत. अपघातात रेडिएटर फुटला तर त्याचा दावा होतो, पण त्यानंतर गाडी तशीच चालवून इंजिन जाम झालं तर ते ‘परिणामी नुकसान’ ठरतं आणि साध्या पॉलिसीत नाकारलं जातं. इंजिन प्रोटेक्शनचं जोडकलम असेल तर त्यातल्या अटी वाचा. म्हणून अपघातानंतर खाली रंगीत पाणी दिसलं तर इंजिन सुरू करू नका, फोटो काढा आणि गाडी टो करा.

काम चुकीचं झालं, न केलेल्या कामाचे पैसे लावले, तर आधी लेखी तक्रार द्या. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष सेवेविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मात्र हातात पक्कं बिल, एस्टिमेट आणि जुना पार्ट असेल तरच बाजू उभी राहते. जीएसटी वाचवायला कच्च्या बिलावर काम केलंत तर हा हक्क सिद्ध करणं अवघड जातं.

शेवटचा हिशेब

जुन्या गाडीचा बाजारभाव दीड लाख असेल आणि इंजिनकामाचं एस्टिमेट सत्तर-ऐंशी हजारांचं असेल, तर थांबून विचार करा. गाडीचा सांगाडा, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन चांगलं असेल आणि ती आणखी चार-पाच वर्षं वापरायची असेल तर काम करून घ्या. नसेल तर आहे त्या अवस्थेत, दोष सांगून विका. दोष लपवून दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका, घाटात ती गाडी कुणाच्या तरी कुटुंबाला घेऊन उभी राहणार आहे. पण तीन-चार हजारांत सुटणाऱ्या गळतीवर मात्र विचार करत बसू नका. लांबच्या प्रवासाला निघण्याच्या आठवडाभर आधी बॉनेट उघडा, पातळी बघा, पंखा फिरतो का बघा, आणि शंका वाटली तर आधी प्रेशर टेस्ट करून घ्या.